गुणाकारातील उपगट : मोजणीकडून वर्णनाकडे

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे परस्परांत बदलली तर मूर्तीचे किती भेद होतील, आणि हरीच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर किती, असा प्रश्न तेथे विचारला आहे. उत्तरे अनुक्रमे ३६,२८,८०० आणि २४ अशी येतात. विष्णूच्या केशवादी चोवीस मूर्ती ज्यांना परिचित आहेत, त्यांना दुसरे उत्तर मूर्तिशास्त्रातूनही ठाऊक असेल. मांडण्या मोजण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. परंतु एक प्रश्न अंकपाशात येत नाही. एका अदलाबदलीनंतर दुसरी केली, दुसरीनंतर तिसरी केली, तर ज्यातून बाहेर पडताच येत नाही असा अदलाबदलींचा एखादा बंदिस्त समुदाय तयार होतो का? झाल्यास असे समुदाय किती? हा प्रश्न गणिताला पडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्याचे पूर्ण उत्तर काढण्यासाठी तर संगणकाचीच वाट पाहावी लागली.

अशा बंदिस्त समुदायाला गणितात 'गट' म्हणतात आणि गटाच्या पोटात राहूनही स्वतः बंदिस्त असणाऱ्या लहान समुदायाला 'उपगट'. एव्हारिस्त गाल्वा याने समीकरणांच्या अभ्यासात ही कल्पना वापरली. १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात त्याचा अंत झाला तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. त्याचे लेखन लिऊव्हिल यांनी १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. १८५४ मध्ये आर्थर केली यांनी गटाची अमूर्त व्याख्या देण्याचा पहिला प्रयत्न केला. हरीच्या चार आयुधांच्या २४ अदलाबदलींचा गट घेतला तर त्याचे ३० उपगट निघतात. शंभूच्या दहा आयुधांचा गट घेतला तर उपगटांची संख्या २,९५,९४,४४६ होते. ही दुसरी संख्या कोणी कागदावर काढणे शक्य नव्हते. ती काढता येण्यामागे ज्या कल्पनांची परंपरा आहे, तिचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. आणि या परंपरेच्या मध्यभागी गुणाकार-गटांच्या उपगटांचा प्रश्न आहे.

गुणाकार-गट ही कल्पना दिसायला अगदी सरळ आहे. दोन गट शेजारी ठेवावेत. पहिल्यातील एक आणि दुसऱ्यातील एक अशा घटकांच्या जोड्या कराव्यात. जोडीतील प्रत्येकाने आपापल्या घरात आपले काम करावे, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. भिंतीवरील दोन बटणे हे याचे सर्वांत लहान उदाहरण. प्रत्येक बटण एकतर दाबायचे किंवा तसेच ठेवायचे, म्हणून एकूण कृती चार. आता या चार कृतींच्या गटाचे उपगट किती? काहीच करायचे नाही. फक्त पहिले बटण वापरायचे. फक्त दुसरे वापरायचे. दोन्ही हवी तशी वापरायची. असे चार उपगट प्रत्येक घराचा वेगळा विचार करून मिळतात. पण पाचवा उरतोच: दाबायची तर दोन्ही एकदम, नाहीतर एकही नाही. हा पाचवा उपगट कोणत्याही एका बटणाकडे पाहून सापडत नाही. पहिल्या बटणाकडे पाहिले तर ते मोकळे दिसते, दुसऱ्याकडे पाहिले तरी तेही मोकळे दिसते. बंधन आहे ते दोघांच्या मधल्या जागेत.

बटणे दहा घेतली तर कृती होतात १,०२४. प्रत्येक बटणाचा वेगळा विचार करून मिळणारे उपगटही १,०२४ इतकेच. प्रत्यक्षातील उपगट मात्र २२,९७,५५,६०५ आहेत. म्हणजे गुणाकाराचे अवयव पूर्णपणे माहीत असूनही त्याच्या पोटातील उपगटांविषयी फार थोडे कळते. या विषयाची अडचण हीच आहे आणि आकर्षणही हेच.

ही मधली जागा नेमकी कशी असते, हे प्रथम फ्रेंच गणितज्ञ एदुआर गूर्सा यांनी १८८९ मध्ये सांगितले. त्यांचा मूळ विषय निराळाच होता. चार मितींच्या अवकाशातील सममिती कोणत्या, हे ते शोधत होते. चार मितींतील प्रत्येक परिभ्रमण हॅमिल्टन यांच्या क्वाटर्नियन संख्यांच्या एका जोडीने दाखवता येते. त्यामुळे चार मितींतील सांत गट शोधणे म्हणजे जोड्यांच्या गटाचे उपगट शोधणे असा प्रश्न समोर आला. गूर्सांचे उत्तर असे: गुणाकारातील कोणत्याही उपगटाची पहिल्या घरात एक सावली पडते आणि दुसऱ्या घरात एक. पहिल्या सावलीतील काही घटक असे असतात की, दुसऱ्या घरात काहीही न हलवता ते एकटे येऊ शकतात. दुसऱ्या सावलीतही तसेच काही असतात. हे एकटे येऊ शकणारे घटक दोन्हीकडून बाजूला काढले, म्हणजे त्यांच्यापुरता भेद मानायचाच नाही असे ठरवले, की दोन्ही सावल्यांचे जे उरते ते रचनेने तंतोतंत एकसारखे असते. उपगट म्हणजे या दोन उरलेल्या भागांचा सांधा. सावल्या, एकटे घटक आणि सांधा एवढे कळले की उपगट पूर्ण कळला. एरवी तो कळत नाही.

एक छोटा हिशेब करून पाहू. तीन पत्त्यांच्या अदलाबदलींचा गट घ्या. त्यात सहा घटक आहेत आणि सहाच उपगट. अशा दोन गटांचा गुणाकार केला तर एकेका घरातून एकेक उपगट निवडून साधे उपगट ३६ मिळतात. गूर्सांच्या रीतीने सांधे मोजले तर दोन घटकांच्या सांध्याचे १६, तीन घटकांच्या सांध्याचे २ आणि सहा घटकांच्या सांध्याचे ६ असे आणखी २४ सापडतात. एकूण ६०. या मोजणीत छत्तीस घटकांपैकी एकालाही हात लावावा लागला नाही. यादी करण्याऐवजी वर्णन करायचे, हा या विषयाचा पुढचा सगळा मार्ग या हिशेबात बीजरूपाने आहे.

ज्या उपगटाची सावली प्रत्येक घर पूर्ण व्यापते, त्याचा पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट रेमाक या जर्मन गणितज्ञाने केला. गुणाकारांचे उपगट म्हणून सांत गट कसे मांडावेत, यावरचा त्याचा प्रबंध १९३० चा आहे. रेमाक ज्यू होता. १९३८ च्या नोव्हेंबरातील अत्याचारांनंतर त्याला छळछावणीत डांबण्यात आले; पुढे तो ॲमस्टरडॅमला गेला; १९४२ मध्ये तेथून त्याला आउशवित्सला नेण्यात आले आणि तेथेच त्याचा शेवट झाला. आज संगणकावर जी आज्ञा दोन ओळींत लिहिली जाते, तिच्या मागच्या सिद्धांताला हाही एक इतिहास आहे.

संगणक येण्यापूर्वीच संगणकासाठी योग्य अशी एक रीत तयार झाली होती. १९३६ मध्ये टॉड आणि कॉक्सेटर यांनी उपगट मोठ्या गटात किती वेळा सामावतो, हे तक्ते भरत भरत मोजण्याची कृती दिली. कृती यांत्रिक होती, म्हणूनच माणसाला कंटाळवाणी. १९५३ च्या सुमारास हेझलग्रोव्ह यांनी ती केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर चालवली. त्याआधी १९५१ मध्ये मँचेस्टर येथे मॅक्स न्यूमन यांनी २५६ घटकांचे गट किती असतील, याचा अंदाज यंत्राच्या साहाय्याने नमुने घेऊन करावा, असे सुचवले होते. त्या प्रश्नाचे नेमके उत्तर, ५६,०९२, ओब्रायन यांनी दिले व ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सूचना आणि उत्तर यांत चाळीस वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात यंत्रे कितीतरी पटींनी वेगवान झाली होती हे खरे, पण अंतर भरून निघाले ते मुख्यतः नव्या कल्पनांमुळे.

या कल्पनांचे एक केंद्र जर्मनीतील कील येथे होते. योआखिम नॉयब्युझर यांनी तेथे त्सूझ झेड-२२ या यंत्रावर सांत गटांच्या उपगटांचे संपूर्ण जाळे काढण्याची आज्ञावली लिहिली. तिचे वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. एका घटकातून निर्माण होणाऱ्या सर्वांत लहान उपगटांपासून सुरुवात करावयाची आणि एकेक घटक मिळवत वर चढत जावयाचे, ही त्यांची रीत. पुढे नॉयब्युझर आणि त्यांचे चार सहकारी यांनी १९७८ मध्ये चार मितींच्या स्फटिकगटांचे ग्रंथरूप वर्गीकरण प्रसिद्ध केले. तीन मितींत असे गट २३० असतात, हे फेदोरोव्ह आणि शनफ्लीस यांनी १८९१ मध्येच हाताने काढले होते. चार मितींत ते ४,७८३ निघाले. आरसा-प्रतिमा वेगळ्या धरल्या तर ४,८९४. ज्या चार मितींसाठी गूर्सांनी आपले प्रमेय शोधले, त्याच चार मितींशी नव्वद वर्षांनी यंत्र येऊन पोचले होते.

परंतु जाळे काढण्याच्या रीतीला मर्यादा होती. गट मोठा झाला की घटकांची यादी कोणत्याही यंत्रात मावत नाही. ही कोंडी चार्ल्स सिम्स यांनी फोडली. १९६७ च्या ऑगस्टअखेर ऑक्सफर्डला बीजगणितातील गणनप्रश्नांवर परिषद भरली. सिम्स यांनी तेथे आपली पद्धत मांडली आणि १९७० मध्ये ती छापून आली. त्याच परिषदेत मार्शल हॉल यांचे व्याख्यान ऐकल्यावर डोनाल्ड हिग्मन आणि सिम्स यांनी ४,४३,५२,००० घटकांचा एक नवा, पूर्वी अज्ञात असलेला गट शोधून काढला, आणि तोही यंत्राविना. यंत्रविद्येच्या परिषदेतील सर्वांत गाजलेला शोध हातानेच लागावा, ही घटना या विषयाचा स्वभाव सांगून जाते.

सिम्स यांची पद्धत थोडक्यात अशी. गट ज्या बिंदूंना हलवतो, त्यांपैकी काही निवडून त्यांना क्रमाने जखडत जायचे. पहिला बिंदू कोठे कोठे जाऊ शकतो हे नोंदवायचे. मग तो स्थिर धरून दुसरा कोठे जातो हे नोंदवायचे. असे करीत सर्व हालचाल संपेपर्यंत जायचे. प्रत्येक पायरीवरील शक्यतांच्या संख्यांचा गुणाकार म्हणजे गटाची घटकसंख्या. एखादी अदलाबदल या गटातील आहे की नाही, हेही त्याच पायऱ्या उतरत तपासता येते. सारा गट न लिहिता तो पूर्णपणे हाती असतो.

गुणाकार-गटांच्या उपगटांना ही पद्धत अगदी सहज लागू पडते. पहिला गट काही बिंदूंना हलवतो, दुसरा दुसऱ्याच बिंदूंना; दोन्ही बिंदुसमूह शेजारी ठेवले की गुणाकारही अदलाबदलींचाच गट होतो आणि त्याचा प्रत्येक उपगटही. आधी पहिल्या घराचे सारे बिंदू जखडायचे; मग जे काही हलत राहील ते दुसऱ्या घरात एकटे येऊ शकणारे घटक होत. गूर्सांनी ज्या वस्तू विचाराने वेगळ्या केल्या, त्या सिम्स यांच्या शिडीवर पायऱ्या होऊन मिळतात. उलट दिशेनेही हे सत्य आहे. दहा आयुधांच्या गटातील उपगट केवळ नावांच्या बदलाने वेगळे दिसणारे एक धरून मोजले तर त्यांचे १,५९३ प्रकार होतात. त्यांपैकी कोणतेही आयुध कोणत्याही हातात पोचवू शकणारे ४५ प्रकार. उरलेल्या १,५४८ प्रकारांत आयुधे वेगवेगळ्या टोळ्यांत विभागलेली असतात, म्हणजेच ते सारे लहान गटांच्या गुणाकारांतले सांधलेले उपगट असतात. बहुसंख्य उपगटांचे घर हेच.

याचे सर्वांत परिचित उदाहरण घराघरांतील मुलांच्या हातात आहे. एर्नो रूबिक यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या रंगीत घनाचे आठ कोपरे व बारा कडा कधीही परस्परांच्या जागा घेत नाहीत. कोपऱ्यांच्या शक्य अवस्था ८,८१,७९,८४० आणि कडांच्या ९,८०,९९,५२,७६,८००. दोन्हींचा गुणाकार म्हणजे घनाच्या अवस्था, असे वाटेल. पण खऱ्या अवस्था नेमक्या त्याच्या निम्म्या, म्हणजे ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० आहेत. एक फळी फिरवली की चार कोपरे आणि चार कडा एकाच वेळी हलतात. त्यामुळे कोपऱ्यांची अदलाबदल सम असेल तर कडांचीही समच असावी लागते, विषम तर विषम. कोपरे पाहून किंवा कडा पाहून हे बंधन दिसत नाही. तो दोन घटकांचा सांधा आहे, भिंतीवरील दोन बटणांतला होता तोच. केवळ दोन कडांची अदलाबदल करून घन जोडणाऱ्याला तो कधीच सुटत नाही, याचे कारण या सांध्यात आहे.

सिम्स आणि नॉयब्युझर यांच्या कल्पना सर्वांना वापरता याव्यात म्हणून पुढे संगणकप्रणाली तयार झाल्या. सिडनीत जॉन कॅनन यांनी 'केली' ही प्रणाली उभी केली. १९९३ मध्ये तिची जागा 'मॅग्मा'ने घेतली. आखेन येथे नॉयब्युझर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये 'गॅप' सुरू झाली आणि त्यांच्या निवृत्तीनंतर १९९७ मध्ये तिचे केंद्र स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे गेले. गॅपमध्ये दोन गटांचा गुणाकार तयार केला की प्रत्येक अवयव गुणाकारात कसा बसतो आणि गुणाकाराची प्रत्येक घरात सावली कशी पडते, हे दोन्ही नकाशे विचारता येतात. सांधा देऊन सांधलेला उपगट बनवण्याची आज्ञा आहे आणि दोन गटांचे असे सर्व उपगट काढण्याचीही आहे. गूर्सा आणि रेमाक यांची प्रमेये तेथे शब्दशः कामाला जुंपलेली दिसतात.

या प्रणालींबरोबर एक तात्त्विक वादही आला. मॅग्मा खर्च भरून काढण्यापुरते शुल्क घेऊन दिली जाते. गॅप पहिल्यापासून खुली राहिली. नॉयब्युझर यांची भूमिका अशी होती की, ग्रंथालयात जाऊन प्रमेयाची सिद्धता कोणीही वाचू शकतो आणि आयुष्यभर ते प्रमेय फुकट वापरू शकतो; मग ज्या आज्ञावलीच्या जोरावर प्रमेय सिद्ध झाले, तिचा अंतर्भाग झाकलेला का असावा? तपासता न येणाऱ्या उत्तराला गणितात सिद्धता म्हणता येत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. गॅप अद्याप खुली आहे.

यंत्राला सारे काही जमते, असा समज येथवरच्या हकिगतीतून होऊ नये. १९५५ मध्ये प्योत्र नोविकोव्ह यांनी दाखवले की, काही अनंत गटांत दोन शब्द एकच घटक दाखवतात की नाही, हे ठरवणारी कोणतीही यांत्रिक रीत असूच शकत नाही. १९५८ मध्ये मिखाइलोवा यांनी त्याचा वापर गुणाकारांकडे वळवला. दोन अक्षरांपासून कसल्याही बंधनाविना तयार होणारा मुक्त गट हा अत्यंत आज्ञाधारक. त्यातील कोणत्याही सांत-जनित उपगटाचे सभासद ओळखणे सोपे. पण अशा दोन मुक्त गटांचा गुणाकार केला, तर त्यात मोजक्या घटकांपासून तयार होणारा असा उपगट सापडतो की, अमुक जोडी त्यात आहे की नाही, हे सांगणारी रीत असूच शकत नाही. हा उपगट कसा बनतो? नोविकोव्ह यांच्यासारख्या गटात जे दोन शब्द एक होतात त्यांची जोडी घ्यायची. म्हणजे गूर्सांचाच सांधा! दोन्ही घरे निर्मळ, दोन्ही सावल्या पूर्ण, आणि अज्ञेय ते सारे सांध्यात.

तरीही या निराशेला सीमा आहे. १९८४ मध्ये बाउमस्लाग आणि रोझब्लेड यांनी सिद्ध केले की, दोन मुक्त गटांच्या गुणाकारातील उपगटाला जनकांबरोबर त्याचे नियमही मोजकेच पुरत असतील, तर तो मूलतः दोन मुक्त गटांच्या साध्या गुणाकारासारखाच असतो. नियमांची यादी मोजकी असणे ही वरवर किरकोळ वाटणारी अट अज्ञेयाला ज्ञेय करते. यंत्राला काय विचारावे याचे शहाणपण अशा प्रमेयांतून येते; यंत्र ते देत नाही.

यंत्राने दिलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, याचा एक अलीकडचा प्रसंग सांगण्याजोगा आहे. बेशे, आइक आणि ओब्रायन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकल्पात २,००० पर्यंतच्या घटकसंख्यांचे सर्व गट मोजले. त्यांतील बहुतेक सारे एकट्या १,०२४ या संख्येचे होते: ४९,४८,७३,६५,४२२. हे गट एकेक करून बांधलेले नव्हते, फक्त मोजलेले होते. सुमारे वीस वर्षे ही संख्या ग्रंथांत उद्धृत होत राहिली. मग डेव्हिड बरेल यांनी फेरमोजणी केली आणि खरी संख्या ४९,४८,७३,६७,२८९ असल्याचे दाखवले. फरक १,८६७ चा. एकूण संख्येच्या मानाने नगण्य, पण गणितात नगण्य चूक अशी वस्तू नसते. चूक सापडली, कारण मोजणीची रीत छापलेली होती आणि दुसऱ्याला ती पुन्हा करून पाहता आली. नॉयब्युझर यांचा आग्रह ज्यासाठी होता, ते याहून वेगळे नव्हते.